मुठीतला मळ

दसऱ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, ट्रॅक्टर ठरलेले असतात, आणि एकदा का माणसं सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उतरली की पाडव्याच्या मागंपुढंच परततात. त्यामुळे वर्षभर ‘येऊ, येऊ’ म्हणत राहिलेलं सगळं याच दिवसांत उरकायचं असतं. रखडलेला दिव्यांगत्वाचा दाखला, लहान झालेला स्प्लिंट (हातापायाला लावायचा आधार), संपलेल्या फेफऱ्याच्या गोळ्या.

मी बीड जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ हे आमच्या दारावरच्या पाटीवरचं नाव. लोक ‘लेकरांच्या व्यायामाचं’ म्हणतात आणि तेवढ्यावर रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्यातून ही केंद्रं उभी राहिली. तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं; ज्या मुलाबद्दल शंका येते ते आमच्याकडे पाठवलं जातं. माझ्या टेबलापर्यंत येणाऱ्यांत सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे सीपीची, मुलं सगळ्यात जास्त. वाढत्या मेंदूला, म्हणजे पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात इजा होते आणि हालचालीवरचा, शरीर सावरण्यावरचा ताबा कायमचा बिघडतो. इजा वाढत नाही, पण मूल वाढतं, आणि वाढत्या हाडांबरोबर ताठ स्नायू वाढत नाहीत. आमचं निम्मं काम त्या ओढाताणीशी असतं.

त्या दिवशी बाराच्या सुमारास दोघी जावा आणि त्यांची सासू आत आल्या. थोरलीचा मुलगा सहा वर्षांचा, त्याच्यासाठी दाखला हवा होता. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की कार्ड काढा, पैसे मिळतील. धाकटीच्या कडेवर तिचं आठ महिन्यांचं बाळ होतं. ते काही पेशंट नव्हतं. अंगावर पितं म्हणून बरोबर आणलेलं.

थोरला भिंतीला धरून आला. टाचा टेकत नव्हत्या, गुडघे एकमेकांना घासत होते आणि प्रत्येक पावलाला एक पाय दुसऱ्यापुढे आडवा येत होता. याला आम्ही कात्री म्हणतो. पण टेबलावर बसवून हातात पेन दिलं तर गड्यानं ट्रॅक्टर काढला, मागच्या चाकाला नक्षीसुद्धा. पाय जखडलेले आणि हात बऱ्यापैकी मोकळे, म्हणजे स्पास्टिक डायप्लेजिया. हे चित्र दिसलं की जन्माची कहाणी बहुतेक वेळा न विचारता कळते. सातव्या महिन्यात झालेला, दीड किलोसुद्धा भरला नव्हता, कित्येक दिवस काचेत होता.

याचं कारण मेंदूच्या रचनेत आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, आतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा जरा कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला की आधी तोच मरतो. पायांकडे जाणारे मज्जातंतू त्या पोकळ्यांच्या अगदी लगत असतात, हातांचे थोडे लांब. म्हणून पाय जातात, हात वाचतात. लंडनच्या विल्यम लिटल नावाच्या शल्यविशारदांनी १८६१ मध्ये अशा मुलांविषयी सविस्तर मांडलं आणि अवघड बाळंतपण, अपुरे दिवस, जन्मताना गुदमरणं यांच्याशी त्याचा संबंध जोडला; पुढे कितीतरी वर्षं हा आजार ‘लिटलचा आजार’ म्हणूनच ओळखला जायचा. मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी सिग्मंड फ्रॉइड मुलांच्या मेंदूच्या आजारांवर काम करायचे, हे फार जणांना ठाऊक नसतं. त्यांनी १८९७ मध्ये उलटी शंका काढली. अवघड बाळंतपण हे कारण नसून कधी कधी लक्षणच असेल तर? बाळात पोटातच काही बिघडलं असेल आणि म्हणून बाळंतपण अवघड झालं असेल तर? आमच्या भागात अजूनही सगळं खापर ‘बाळ उशिरा रडलं’ यावरच फोडतात. कधी ते खरं असतं, आणि बरेचदा नसतंही.

मी थोरल्याचा घोटा झटकन वर ढकलला. पाऊल थडथडायला लागलं. तेच सावकाश, दम धरून ढकललं तर सोडत गेलं. ताठरपणाची खूण हीच, जितक्या वेगानं हलवाल तितका स्नायू अडतो. (मालीश करणाऱ्या मावश्यांना मी हेच सांगून थकले आहे. जोर लावून ओढायचं नाही, सावकाश ओढायचं.)

“ल्हानपणी ह्याला कडंवर घ्यायचं म्हंजी पाय फाकायचेच न्हाईत,” थोरली म्हणाली. “लंगुट बदलायला दोघी लागायचो.”

पुस्तकात याला मांड्यांच्या आतल्या स्नायूंचा ताठरपणा म्हणतात. आमच्याकडे पहिली तक्रार या भाषेत येते: कडेवर बसत नाही, पायांवर घेऊन अंघोळ घालताना मागं ताठतं, पाजताना जिभेनं दूध बाहेर ढकलतं, उभं धरलं की चवड्यावर नाचतं. ‘आमचं पोरगं दोन महिन्यांतच उभं राहायला बघतंय’ म्हणून कौतुक झालेली किती मुलं नंतर माझ्याकडे आलीत! पायात ताकद आहे म्हणून ती उभी राहत नव्हती. पाय ताठ होते.

दाखल्याच्या कागदांसाठी मी आमच्या सिस्टरांना हाक मारली आणि थोरल्याच्या खुब्याच्या एक्स-रेची चिठ्ठी लिहायला घेतली. मांड्या सतत आत ओढल्या गेल्या की खुब्याचा गोळा हळूहळू वाटीतून बाहेर सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कोणी बघत नाही. दुखायला लागतं तोवर ऑपरेशन मोठं झालेलं असतं.

चिठ्ठी लिहिता लिहिता मी एक पारले-जी धाकट्यापुढे धरला. रडू नये म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. बिस्किट त्याच्या उजव्या हाताला, अगदी जवळ होतं. त्यानं सगळं अंग वळवलं, डावा हात पोटावरून आडवा आणला आणि ते घेतलं.

एकदा घडलं तर काहीच नसतं. मी दुसरं बिस्किट पुन्हा उजवीकडेच धरलं. डाव्या मुठीत पहिलं होतं. आठ महिन्यांचं मूल अशा वेळी दुसरा हात पुढे करतं, दोन्ही हातांत दोन वस्तू धरतं, आपटतं. यानं पहिलं बिस्किट टाकलं आणि त्याच डाव्या हातानं दुसरं घेतलं. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी तसाच. मूठ बंद, अंगठा आत.

“डावरा हाय त्यो,” सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. “त्याचा आज्जा बी डावराच व्हता. कोयता डाव्या हातानं चालवायचा, पर दोघांचं काम एकटा करायचा.”

मी हसून मान डोलावली. डावखुरं मूल सात-आठ महिन्यांचं असताना डावखुरं दिसत नाही, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक होतं. या वयात मुलाला दोन्ही हात सारखेच. हाताची आवड साधारण दीड वर्षाच्या पुढे ठरायला लागते. वर्षाच्या आतलं मूल एकच हात वापरत असेल तर तो हात आवडीचा असतो म्हणून नव्हे, दुसरा चालत नाही म्हणून.

पेन ठेवलं आणि बाळाला मॅटवर घेतलं. एक साधा फडका तोंडावर टाकला. डाव्या हातानं लगेच ओढून काढला. मग डावा हात हलकेच धरून ठेवला आणि पुन्हा टाकला. उजवा खांदा वर आला, कोपर हललं, मूठ काही उघडेना. ते चिडलं आणि डोकं हलवून फडका पाडला. पालथं पडायला लावलं तर दर वेळी उजवीकडेच वळत होतं. दोन्ही बगलांत धरून उचललं आणि पुढे झुकवलं, तोंडावर पडतोय असं वाटावं इतकंच. अशा वेळी या वयाच्या आसपास दोन्ही हात पुढे येऊ लागतात. याचा डावा आला. उजवा मागेच राहिला. उजव्या पायाच्या बोटांना तोल सावरताना आकडा पडत होता.

आता गंमत अशी की पथकाच्या कार्डावर हे बाळ निर्दोष होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मान वेळेवर धरली होती. पालथं वेळेवर पडलं. टेकू न देता नुकतंच बसू लागलं होतं. डोळे लकाकत होते, नाव घेतलं की वळून बघत होतं. आपल्या तपासण्यांचे तक्ते ‘केव्हा’ विचारतात. मान केव्हा, बसणं केव्हा, रांगणं केव्हा. एका बाजूची सीपी त्या जाळ्यातून सहज निसटते, कारण निरोगी बाजू सगळी कामं वेळेत उरकते. ती ‘कसं’ हे बघितल्याशिवाय सापडत नाही. कुठल्या कुशीवरून वळतं, कुठला हात पुढे करतं, बसल्यावर कुठल्या बाजूला कलतं. हे बघायला यंत्र लागत नाही, दोन बिस्किटं पुरतात.

उजवी मूठ उघडायला मी मनगट आधी खाली दुमडलं, तसं केलं की बोटं सैल पडतात, आणि अंगठ्याच्या बुडाशी धरून अलगद बाहेर घेतला. तळहाताच्या रेषांत गोधडीचे धागे आणि काळपट मळ अडकला होता. मधली कातडी ओलसर, पांढुरकी झाली होती, आंबूस वास येत होता. मी डावी मूठ उघडून बघितली. स्वच्छ.

धाकटी माझ्या अगदी शेजारी उकिडवी बसली होती. ती कोणाकडेही न बघता म्हणाली, “मी म्हनलं व्हतं. ह्याच मुठीत मळ साचतो, त्या मुठीत न्हाई. रोज अंघुळीला काढते.”

“कधीपासून?”

“चौथ्या महिन्यापास्नं. म्हनले ल्हान लेकरं मुठी आवळूनच असत्यात.”

तेही खरंच. पहिले दोन-तीन महिने असतात. पुढे उघडायला हव्यात. आणि दोन्ही सारख्या उघडायला हव्यात.

आमचे बालरोगतज्ज्ञ तेव्हा वरच्या वॉर्डात होते. यायला वेळ होता, म्हणून या तिघींना बाकावर बसवलं आणि मी रांगेतली पुढची मुलं घेतली. त्यातली एक नऊ वर्षांची मुलगी इथे सांगायलाच हवी, नाहीतर सीपी म्हणजे ताठरपणा एवढाच समज व्हायचा.

तिला तिचे वडील पाठुंगळी घेऊन आले होते. मागच्या कागदावर कोणीतरी ‘मतिमंद’ लिहिलेलं. अंग ताठ नव्हतं, सतत वळवळत होतं. हात एकीकडे, बोटं भलतीकडे, तोंड वेडंवाकडं. कोणी बोलायला लागलं की हे सगळं वाढायचं. झोपली की शांत, असं वडील म्हणाले. याला अथेटॉइड म्हणतात. यात स्नायूंचा जोर दर क्षणी बदलतो, आणि मूल जितका प्रयत्न करतं तितकं अंग भरकटतं. हिची कहाणी काविळीची होती. आईचा रक्तगट निगेटिव्ह, ही दुसऱ्या खेपेची. पहिल्या बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अशा आईला द्यायचं अँटी-डीचं इंजेक्शन मिळालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बाळ पिवळं, तिसऱ्या दिवशी तळपायापर्यंत पिवळं, आणि घरच्यांनी कोवळ्या उन्हात ठेवलं. मग दूध सुटलं, मान मागे ताणली, किंचाळून रडायला लागली, तेव्हा कुठे धावपळ झाली. रक्तातलं बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचाल नेमकी करणाऱ्या केंद्रांत शिरतं. कानाच्या मज्जातंतूलाही धरतं. डोळे वर उचलता येत नाहीत. पण विचार करणारा मेंदू बहुतांशी शाबूत राहतो. सगळ्या सीपीमध्ये टाळता येण्याजोगी अशी ही. निळ्या दिव्याखाली वेळेत ठेवलं असतं, गरज पडल्यावर रक्त बदललं असतं, तर ही मुलगी शाळेत दोरीवरच्या उड्या मारत असती. कोवळं ऊन त्याला पुरत नाही. हे मी दर महिन्याला आशाताईंच्या बैठकीत सांगते आणि पुन्हा सांगेन.

ती मतिमंद आहे का हे बघायला मी टेबलावर एकीकडे वाटी आणि एकीकडे चप्पल ठेवली आणि विचारलं, “पप्पा जेवण कशात करतात?” तिनं डोळे चपलेकडे नेले आणि तिथेच रोखून धरले. मी गोंधळले. मग तिच्या तोंडावर हसू फुटलं आणि सगळं अंग हसण्यानं हेलकावे खायला लागलं. वडीलही हसले. थट्टा करणाऱ्या मुलीला मतिमंद लिहिणाऱ्याचा मला त्या क्षणी फार राग आला. ऐकण्याची बेरा तपासणी आणि चित्रांचा तक्ता, नजरेनं बोट दाखवायला, असं आमच्या स्पीच थेरपिस्टकडे लिहून दिलं. वडील म्हणाले, शाळा घेईल का? मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये सीपीच्या मुलांसाठी संस्था आणि शाळा सुरू केली ती त्यांच्या मुलीसाठी जागा नव्हती म्हणूनच. त्या मुलीनं, मालिनी छिब यांनी, पुढे लंडनमधून दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. हे मी त्यांना सांगितलं. २०१६ च्या कायद्यानं जवळची सरकारी शाळा नाही म्हणू शकत नाही, हेही सांगितलं. त्यांना दुसरं जास्त उपयोगी वाटलं.

एक मूल पाच मिनिटांत परत पाठवलं, तेही सांगते. कागदावर सीपी होतं. आई म्हणाली, आठव्या महिन्यात बसत होता, आता तीन वर्षांचा झाला आणि बसत नाही. सीपी आलेलं परत नेत नाही. येत असलेली गोष्ट जायला लागली तर तो वेगळा आजार, वेगळे डॉक्टर, आणि तातडीनं. तसंच मी प्रत्येकाला विचारते: सकाळी बरं आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडे असं होतं का? झोप झाली की पुन्हा सुधारतं का? तसं असेल तर लेव्होडोपा नावाच्या औषधाच्या लहानशा मात्रेनं चालू लागणारा एक दुर्मिळ विकार आहे, जो सीपी म्हणून वर्षानुवर्षं व्यायामाच्या टेबलावर पडून राहतो. अजून ‘हो’ म्हणणारं कोणी भेटलेलं नाही. विचारणं सोडणार नाही.

डॉक्टर आले तेव्हा अडीच वाजले होते. त्यांनी बाळाला पुन्हा सगळं करून बघितलं. फडका, झुकवणं, गुडघ्याखालचा ठोका. मग घरच्यांना विचारायला बसले. एका घरात दोन मुलं म्हटल्यावर त्यांनी नात्याची चौकशी आधी केली. थोरली सासूच्या भावाची मुलगी निघाली, धाकटी बाहेरची. दोघांची चित्रं मुळात निराळी होती, एक अपुऱ्या दिवसांचा आणि दोन्ही पायांचा, दुसरा पुऱ्या दिवसांचा आणि एका कडेचा. तरी डॉक्टरांनी फाईलवर लिहून ठेवलं, ते बरं केलं.

“बाळ रडलं होतं का लगेच?”

“लगीच. पावणेतीन किलोचं. काय बी तरास न्हाई.”

“पहिल्या दोन-तीन दिवसांत काही वेगळं?”

धाकटी थांबली. “दुसऱ्या दिशी उजवा हात उडायचा. सारखा, एका तालात. दाबून धरला तरी थांबंना. सिस्टरला दावला तर म्हनली, दचकतंय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. दचकणारं बाळ दोन्ही हात फेकतं आणि हात धरला की थांबतं. एकच हात, तालात, धरला तरी न थांबणारा, म्हणजे झटका. पुऱ्या दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या, लगेच रडलेल्या बाळाला जन्माच्या आसपास मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात होऊ शकतो, हे अजून कितीतरी जणांच्या पचनी पडत नाही. पक्षाघात म्हणजे म्हातारपण, असंच डोक्यात असतं. डाव्या बाजूला होण्याचं प्रमाण जास्त, आणि डावा मेंदू उजवं अंग चालवतो.

डॉक्टर थोडं थांबून बोलले. मेंदूच्या एका भागाला जन्माच्या सुमाराला रक्त कमी पडलंय असं वाटतं, खात्रीसाठी एमआरआय करू, पण व्यायाम आजच सुरू करायचा, फोटोची वाट बघायची नाही.

सासूबाईंचा चेहरा उतरला आणि मग चढला. “तुमच्याकडं आलं की समदीच लेकरं तसली व्हत्यात. एकाचा कागुद कराया आलो तर दुसऱ्याला बी लावलं.” मग सुनेकडे वळून, “तरी म्हनत व्हते, गिराणात इळीला हात लावू नगंस.”

धाकटी काही बोलली नाही. डोळे मात्र डॉक्टरांवर होते. प्रत्येक आईचा एकच प्रश्न असतो आणि ती तो विचारत नाही. डॉक्टरांनी न विचारताच उत्तर दिलं. ग्रहणानं होत नाही. इळीनं होत नाही. पोटुशी असताना मोळ्या वाहिल्या त्यानं झालं असंही म्हणता येत नाही. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. तिच्या हातून काही चुकलेलं नाही.

“चालंल का?” थोरलीनं विचारलं. तिच्याच मुलाला कोणी वेळेत हे सांगितलं नव्हतं, म्हणून असेल.

चालेल. एका बाजूची सीपी असलेली जवळपास सगळीच मुलं चालतात, जरा उशिरा आणि जरा लंगडत. १९९७ पासून जगभर मुलांची हालचाल पाच पायऱ्यांत मोजायची पद्धत आहे, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झालेली. पहिल्या पायरीचं मूल धावतं, पाचव्याला मान धरायलाही आधार लागतो. धाकटा पहिल्या-दुसऱ्या पायरीवर राहील असा माझा अंदाज. नक्की पायरी पुढेच सांगता येईल. थोरला तिसऱ्यावर, वॉकर घेऊन चालणारा. पायापेक्षा धाकट्याच्या हाताची काळजी जास्त होती. मेंदूतून हाताकडे जाणारे रस्ते पहिल्या वर्ष-दोन वर्षांत वापरानं पक्के होतात, न वापरलेले मागे पडतात. आणि नेमके ते महिने हे बाळ उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढणार होतं. उचल घेतलेली होती. ‘जाऊ नका’ म्हणणं मला परवडणारं आहे, त्यांना नाही.

मग मी कोपीत होईल तेवढंच सांगितलं. जुना पायमोजा डाव्या हातावर चढवायचा, थोडा थोडा वेळ, दिवसातून चार-पाचदा, आणि तेव्हा समोर बसून उजव्या हाताशी खेळायचं. हात बांधायचा नाही, रडायला लागलं की मोजा काढायचा. खुळखुळा, भाकरीचा तुकडा, हाक, सगळं उजव्या बाजूनं. बाकीच्या वेळी एका हातात न मावणाऱ्या वस्तू द्यायच्या: तांब्या, भोपळा, मोठा चेंडू. मूठ उघडताना बोटं ओढायची नाहीत, मनगट दुमडायचं. हे तिला मी दाखवलं आणि तिनं पहिल्या खेपेलाच केलं, माझ्यापेक्षा सफाईनं. चार महिने रोज करत होती ना. झटका ओळखायचा कसा तेही सांगितलं, कारण अशा मुलांना तो पुढेही येऊ शकतो. आणि आठवड्याला एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा.

थोरलीनं तो सगळा वेळ तिच्या मोबाईलवर चित्रण केलं. सांगितलं नव्हतं.

एमआरआयसाठी टोळी निघायच्या आदल्या दिवशी नंबर लागला. बाळाला झोपवून फोटो काढला आणि डाव्या मेंदूत जुन्या पक्षाघाताचा डाग दिसला. धाकटी फडावरून व्हिडिओ पाठवत राहिली, दर आठवड्याला नाही, रेंज मिळेल तसे. पहिल्या काहींत मूठ तशीच. संक्रांतीच्या सुमाराच्या एकात बाळ डाव्या हाताला मोजा असताना उजव्या तळव्यानं उसाच्या वाढ्याचं पान ओढतंय. बोटं नीट मिटत नाहीत, पण अंगठा बाहेर आहे.

मोठ्या पोराला आजी गावीच घेऊन राहिली, शाळेसाठी. त्याच्या एक्स-रेत उजव्या खुब्याचा गोळा तिसऱ्या हिश्श्याइतका बाहेर निघालाय, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नाव घातलंय, मे महिन्यात बोलावलंय. दाखल्याचा बोर्ड त्या दिवशी बसलाच नव्हता. कार्ड नोव्हेंबरमध्ये आलं. धाकटा पाडव्यानंतर आला तो खाटेला धरून कडेकडेनं चालत, उजवी टाच उचललेली. त्याच्या पायाच्या स्प्लिंटचं माप घेऊन पाठवलंय, पुढच्या आठवड्यात येईल.